डावा अंगठा

आमच्या घरात आज्याची एकच गोष्ट सांगितली जायची. खोतानं त्याला फसवलं आणि नळीचं शेत गेलं. एवढीच. पण ती इतक्या वेळा सांगितली गेली की मला आज्याचा चेहरा आठवण्याआधी ती गोष्ट आठवते. पाव्हणा आला, सांगितली. लावणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात कंबर मोडून आये घरी आली की तिच्या तोंडी तीच. कुणी स्लॅबचं घर बांधलं की चुलता सुस्कारा टाकायचा, "आपली नळी असती तर..." बाबा मात्र ही गोष्ट स्वतःहून कधी सांगायचे नाहीत. दुसऱ्या कुणी काढली की "अडाणी मानूस व्हता, फसला," एवढं बोलून उठायचे नि गोठ्याकडे जायचे. गोठ्यात त्या वेळी काही काम नसायचं. पण हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आमचं गाव तळ्याच्या पंचक्रोशीत. मुंबई-गोवा रस्त्यावर इंदापूरला उतरायचं आणि आत वळणारी एसटी धरायची. तळा आता तालुका आहे, तिथं कचेरी आहे. माझ्या लहानपणी कागदाच्या कुठल्याही कामाला माणगाव गाठावं लागे. डोक्यावर तळगड. शाळेत गुरुजी सांगायचे, १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा स्वतःकडे राखले, त्या बारांत आपला तळगड आहे. ते ऐकून आम्हा पोरांची छाती फुगायची. त्यामुळे इमान, निष्ठा, खाल्ल्या मिठाला जागणं हे शब्द आमच्याकडे नुसते पुस्तकातले नव्हते. होळीच्या पालखीपुढं, कीर्तनात, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ते येतच असायचे. राजा कधीच गेला होता. त्याच्या जागी उरला होता खोत.

खोत म्हणजे काय, हे आता शहरातल्या वाचकाला सांगावं लागतं. गावचा सारा वसूल करून सरकारात भरायचा, हे खोताचं मूळ काम. ते बापाकडून मुलाकडे येत गेलं आणि होता होता खोत गावाचाच धनी झाला. कुळानं राब भाजायचा, नांगरायचं, चिखलात लावणी करायची, कापायचं, झोडायचं आणि खळ्यावर भाताची रास पडली की निम्मी खोताच्या कणगीत घालायची. वर वेठ होतीच. खोताच्या घराची शाकारणी, लाकूडफाटा, लग्नकार्यात पाणी भरणं. याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी न कसता संप केला, नारायण नागू पाटलांनी तो चालवला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं बिल आणलं. हे सगळं आमच्या आज्याच्या ऐन तरुणपणात घडलं. पण आजा खोताचा माणूस होता.

तो खोताचा माणूस कसा झाला, तेही सांगतो. १९१८ साली मानमोडीची साथ आली. आज्याचं वय तेव्हा सात-आठ वर्षांचं असेल. आठवड्याच्या आत त्याची आई गेली, बाप गेला. खोताच्या म्हाताऱ्या आईनं त्या पोराला वाड्याच्या पडवीत आणून ठेवलं. ती त्याला भाकरी द्यायची, थंडीत गोणपाट द्यायची. बदल्यात पोरानं गुरं राखली, शेण काढलं, पुढं नांगर धरला. खोताचा मुलगा त्याच्याच वयाचा. दोघं एका पऱ्यात पोहायला शिकले. मोठेपणी तो मुलगा खोत झाला आणि आजा त्याचा गडी. खोत रात्री कुठं निघाला की पुढं कंदील घेऊन आजा. लोक म्हणायचे, खोताची सावली दिवसा मागं असते, रात्री पुढं असते.

लग्न झाल्यावर खोतानं त्याला नळीचं शेत अर्धेलीनं लावून दिलं. साडेतीन एकर भातजमीन, वरून पऱ्याचं पाणी उतरतं म्हणून नळी. आज्यानं बांध घातले, दगड काढले. ते शेत पंचवीस वर्षं आज्याच्याच हातात होतं.

मग कायदा आला. खोती मोडण्याचा कायदा १९४९ चा. कुळकायदा १९४८ चा, तो १९५६ मध्ये सुधारला आणि ठरलं की १ एप्रिल १९५७ पासून कसणारं कुळ हेच जमिनीचं मालक मानायचं. गावोगावी लोक त्याला 'बत्तीस ग' म्हणतात, त्या कलमाखाली किंमत ठरायची आणि कुळानं ती हप्त्यानं भरायची. ज्यांनी भरली त्यांची नातवंडं आज सातबाऱ्यावर आहेत. पण कायद्यात एक वाटही होती. कुळाला वाटलं तर त्यानं आपणहून जमीन सोडावी, लेखी द्यावं, मामलेदारापुढं कबूल करावं. त्याला राजीनामा म्हणत. एक एप्रिलच्या आधी असे राजीनामे कोकणात किती लिहून घेतले गेले, ते जुन्या माणसांना विचारा. कुणाला दम देऊन, कुणाला कर्जाचा आकडा दाखवून, कुणाला न वाचून दाखवता. पुढं पीकपाहणीत मालकाच्या नावापुढं 'खुद्द' लागलं की झालं.

आज्याचा अंगठा फेब्रुवारी १९५७ मध्ये लागला. आमच्या घरच्या गोष्टीप्रमाणे तो न वाचता लावून घेतला होता.

बाबा तेव्हा अठरा वर्षांचे. फायनल झालेले. शेत गेल्यावर वर्षभरात ते मुंबईला गेले, गिरणीत लागले. १९८२ च्या संपात गिरणी गेली तसे परत आले आणि लोकांच्या शेतात मजुरीला जाऊ लागले. त्यात नळीचं शेतही होतं. आपल्या बापानं घातलेल्या बांधावर बाबा रोजानं चिखल लावायचे. मी दहावीपर्यंत ते पाहिलं आणि मनाशी एक गाठ मारून ठेवली.

ती गाठ सोडायची वेळ २००७ साली आली. मी मुंबईत नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. जमिनीचे दलाल तोवर आमच्या भागात फिरू लागले होते. ज्या वरकस जमिनीत गवताखेरीज काही होत नव्हतं तिचेही भाव ऐकून माणसं रात्रीची झोपत नव्हती. खोताचे नातू मुंबई-पुण्याला. ते नळी विकायला काढणार अशी खबर आली. मी एका वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "पन्नास वर्षांचा उशीर आहे, सोपं नाही. पण राजीनामा फसवून घेतला, वाचून दाखवला नाही, असं त्या वेळी हजर असलेल्या माणसानं शपथेवर सांगितलं तर अर्ज करून बघता येईल. निदान विक्री तरी अडेल. कुणी हयात आहे का?"

बाबा हयात होते. त्या दिवशी ते आज्याबरोबर माणगावला गेले होते, एवढं मला माहीत होतं. वकिलानं प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून दिला. गणपतीला गावी जाताना तो मी बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवला.

गणपती त्या वर्षी १५ सप्टेंबरला होते. दीड दिवसाचा आमचा गणपती विसर्जन करून घर मोकळं झालं होतं, पण चाकरमानी अजून परतले नव्हते. रात्री जागायला काहीतरी हवं म्हणून पोरांनी तळ्याच्या बाजारातून पिच्चरची सीडी आणली. 'एकलव्य'. अमिताभचा आहे म्हणून आणलेली. विधु विनोद चोप्राचा हा पिच्चर त्याच वर्षी फेब्रुवारीत लागला होता. आमच्या टीव्हीपुढं वीस-पंचवीस माणसं. बायका दाराआड. बाबा मागं खांबाला टेकून, पायावर घोंगडी.

पोरांना वाटलं होतं मारामारी असेल. निघालं भलतंच. राजस्थानातलं देवीगढ नावाचं संस्थान. संस्थानं खालसा झालेली, पण राजा आपला गादीवर. त्याचा पहारेकरी एकलव्य, पिढ्यानपिढ्यांचा सेवक, आता म्हातारा, डोळ्यांनी नीट दिसत नाही. तरी डोळ्यांवर पट्टी बांधून उडत्या कबुतराच्या पायातले घुंगरू कट्यारीनं कापतो. त्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजारी राणी भ्रमात त्याचंच नाव घेते आणि राजा तिचा गळा दाबतो. विलायतेहून राजपुत्र येतो. आईनं त्याच्यासाठी ठेवलेलं पत्र वाचतो, आणि त्याला कळतं की तो नि त्याची जुळी बहीण राजाची मुलं नाहीतच. ज्या पहारेकऱ्यानं त्याला लहानपणी खांद्यावर घेतलं तोच त्याचा बाप. राजाला मूल होत नव्हतं, घराण्याला वारस हवा होता, म्हणून वडीलधाऱ्यांनीच हे घडवून आणलेलं. पहारेकऱ्याला हे सगळं ठाऊक. तरी आयुष्यभर तो मुलासमोर मान खाली घालून उभा.

बरोबर इथं लाइट गेले.

लोडशेडिंगचे ते दिवस. कधी येतील त्याचा भरवसा नाही. बायका चहा ठेवायला उठल्या. अंधारात चर्चा सुरू झाली. आमचा चुलता म्हणाला, "असा नोकर पायजे. जीव जाईल पन तोंड उघडनार नाय." एक पाव्हणा म्हणाला, "तोंड उघडून सांगनार तरी कुनाला? राजानं मान कापली असती." कुणीतरी हसत म्हणालं, "तुमच्या आज्याचं पन असंच व्हतं. खोतानं सांगितलं नि यानं अंगठा दिला." मी बाबांकडे पाहिलं. अंधारात फक्त विडीचं टोक दिसत होतं. त्या रात्री ते गोठ्याकडे गेले नाहीत.

पाऊस लागला तशी माणसं घरोघर गेली. पोरं बसल्या जागी झोपली. साडेबाराला लाइट आले, टीव्ही आपोआप सुरू झाला. मी बंद करायला उठलो तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बघू काय करतो म्हातारा ते."

मग आम्ही दोघांनीच उरलेला पिच्चर पाहिला. राजाचा खून होतो. पहारेकरी आपलं कर्तव्य म्हणून मारेकऱ्यांचा सूड घेत सुटतो, राजाच्या भावाला नि पुतण्याला संपवतो, आणि शेवटी त्याला कळतं की राजाला मारवणारा राजपुत्रच आहे. त्याचाच मुलगा. आता काय? राजाचं मीठ की पोटचा पोर? हातातली कट्यार शेवटी पोरावर चालत नाही. दलित पोलीस अधिकारी आहे एक, संजय दत्तनं केलेला. तो मेलेल्या माणसाच्या नावची चिठ्ठी पुढं करतो आणि प्रकरण मिटवून टाकतो. राजपुत्र लोकांसमोर पहारेकऱ्याला बाप म्हणतो.

पिच्चरच्या सुरुवातीला महाभारतातल्या एकलव्याची गोष्ट येते. द्रोणानं अंगठा मागितला, एकलव्यानं दिला. ती ऐकून लहान पोर म्हणतं की एकलव्यानं चूक केली. मला ते फार पटलं होतं. मी तेच धरून विषय काढला. म्हटलं, "बाबा, ते पोर बरोबर बोललं. अंगठा द्यायला नको होता."

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एकलव्यानं उजवा दिला. माझ्या बापानं डावा."

मी बॅगेतून कागद काढला. वकील काय म्हणाला ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून मसुदा वाचला. बाबांची वाचायची पद्धत म्हणजे ओठ हलवत, बोट ओळीखालून नेत. 'सदर राजीनामा माझ्या वडिलांस वाचून दाखविण्यात आला नाही' या ओळीवर बोट थांबलं आणि पुढं गेलंच नाही.

"ह्ये खोटं हाय," ते म्हणाले.

मला कळेचना. त्यांनी कागदाची घडी घातली, ती माझ्या हातात दिली आणि बोलायला लागले. पन्नास वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते.

"कागद कारकुनानं वाचला. भाषा तुमच्या कोरटाची, आज्याला काय कळनार? त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हनला, तू शिकलायस ना, तू वाच. मी वाचला. एकदा नाय, दोनदा. मग आपल्या बोलीत सांगितला. म्हटलं, यात लिव्हलंय की मी राजीखुशीनं जमीन सोडतोय, माझा तिच्यावर हक्क उरला नाय. अंगठा लावलास की नळी गेली. एक एप्रिलपास्नं कायद्यानं ती आपली व्हनार हाय. दीड म्हयना थांब."

"मग?"

"'म्हायतीय मला,' म्हनला. शांतपनी. 'मानमोडीत माझी आई-बा गेली तवा ह्याच्या आईनं मला भाकर घातली. तिनं तवा कायदा बघितला नाय.' आनि लावला अंगठा. मामलेदारानं इचारलं, कुनी जबरदस्ती केली का? नाय म्हनला. अंगठ्याखाली दस्तुर माझ्या हातचा हाय. जा, काढ कागद. बघ."

जुन्या दस्तांत निरक्षर माणसाच्या अंगठ्यापुढं 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहितात आणि ते लिहिणारा खाली 'दस्तुर' म्हणून आपलं नाव घालतो. आमचं शेत गेलं त्या कागदावर दस्तुर बाबांचा होता.

मी विचारलं, मग फसवलं ही गोष्ट आली कुठून?

"माझ्याकडनं आली," बाबा म्हणाले. "घरी आलो. आयेला कळलं. ती भिंतीवर डोकं आपटाया लागली. मला म्हनली, तू व्हतास ना तिथं? तुला वाचाया येतं ना? काय सांगू? तुझ्या नवऱ्यानं जानूनबुजून पोरांच्या तोंडचा घास दिला, ह्ये सांगू? तिनं त्याला घरात ठिवला नसता. आनि मी शिकलेला असून त्याला अडवू शकलो नाय, ह्ये पन हुतंच की. म्हटलं, कागद वाचूनच दिला नाय, फसवलं आमाला. झालं. शब्द तोंडातनं सुटला."

"आणि आज्या?"

"पडवीत बसला व्हता. समदं ऐकलं त्यानं. मला वाटलं आता बोलंल, मी खोटा ठरेन. पन नाय बोलला. त्या दिवशी नाय, पुढं कधीच नाय. गावानं त्येला येडा म्हटला, बायकोनं म्हटला, मी बी चार मानसांत म्हटला, अडाणी मानूस व्हता, फसला. बावीस वर्सं त्यो असा जगला. माझा शब्द खाली पडू नये म्हनून."

एवढं बोलून बाबा रडले. माझ्या वयाच्या चाळिशीपर्यंत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. गिरणी गेली तेव्हाही नाही.

खरं सांगतो, त्या रात्री माझ्या मनात दया नव्हती. राग होता. मी म्हटलं, "एका भाकरीची किंमत साडेतीन एकर? चाळीस वर्षं त्या घरचं शेण काढलं, वेठ केली, ती भाकर फिटली नव्हती? खोताला कळत नव्हतं का? भावासारखा वाढलेला माणूस. एकदा तरी म्हणाला का, राहू दे, शेत ठेव तुला?"

"नाय म्हनला," बाबा म्हणाले. "पन बाप गेला तवा खोत अनवानी आला. खांदा दिला. कुनब्याच्या मयताला खोत आल्याचं गावात कुनी बघितलं नव्हतं."

"खांदा दिला. शेत नाही दिलं."

यावर ते काही बोलले नाहीत. मीही नाही. कोंबडा आरवायला लागला होता. मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "त्या पिच्चरमधल्या पोलिसानं खोटी चिठ्ठी दाखवली नि सगळ्यांचं भलं झालं. तुमची एक सही. सगळं गाव तेच म्हणतं, जे कागदात लिहिलंय. तुम्ही पन्नास वर्षं तेच म्हणत आलात."

"म्हनूनच नाय करनार," बाबा म्हणाले. "आयेपुढं खोटं बोललो ते तिला सावराया बोललो. त्येची फेड बापानं केली. आता पैशासाठी बोलू? म्येल्यावर पन त्येला येडा ठरवू?"

सकाळी मी मसुदा परत बॅगेत टाकला. मुंबईला आलो. गणपती सरले आणि त्याच सुमारास पेपरात बातमी आली की 'एकलव्य' भारताकडून ऑस्करला जाणार. त्यावरून वाद झाला, 'धर्म' नावाच्या पिच्चरच्या दिग्दर्शिका भावना तलवार हायकोर्टात गेल्या. बाबांनी मला फोन केला. क्वचित करायचे. म्हणाले, "आपला म्हातारा परदेशी चाललाय म्हनं." मी हसलो. पुढं पिच्चरला तिथं काही मिळालं नाही, नामांकनापर्यंतसुद्धा तो पोचला नाही. बाबांनी तेही पेपरात वाचलं असणार. पण विषय काढला नाही.

नळी विकली गेली. घेणारा मुंबईचा. त्यानं चिऱ्याचं कुंपण घातलं, लोखंडी गेट लावलं. पऱ्याचं पाणी अडलं, वरच्या शेतांत तुंबायला लागलं. बाबा रोज संध्याकाळी त्या बाजूनं फिरायला जात. काय बघत असतील ते देव जाणे.

२०१४ साली बाबा गेले. बारावं झाल्यावर मी चुलत्याला नि भावंडांना खरं काय ते सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना मोकळं वाटेल. चुलता भडकला. म्हणाला, "म्हातारपनी काहीबाही बोलला असंल तुझा बाप. आमच्या बापाला फसवलाय. समद्या गावाला म्हायतीय." बहीण म्हणाली, "दादा, कशाला उकरतोस? फसवलं म्हटलं की निदान खोताला शिव्या तरी घालता येतात." तिचं खरं आहे. फसलेल्या माणसाच्या घरात राहणं सोपं असतं. आज्यानं जाणूनबुजून दिलं असं मानलं, की मग आयेच्या मोडलेल्या कंबरेचा, बाबांच्या गिरणीचा, आमच्या अर्धवट शाळांचा हिशेब कुणाकडे मागायचा?

त्यानंतर एकदा माणगावला अर्ज टाकून मी तो कागद काढला. सहज मिळाला नाही, चार खेपा झाल्या. नक्कल हातात आली तेव्हा कचेरीच्या पायरीवर बसूनच पाहिली. खाली काळा डाग, अंगठ्याच्या रेषा नक्कलेत उमटलेल्या नाहीत. शेजारी सुवाच्य, फायनल झालेल्या पोराचं अक्षर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. खाली दस्तुर आणि बाबांचं नाव. नावाच्या शेवटच्या अक्षरावर शाई फुटली आहे. टाक जास्त दाबला गेला असावा.

आजही मला वाटतं, आज्याचं चुकलं. भाकरीचं ऋण माणसानं स्वतःच्या अंगानं फेडावं, पोराबाळांच्या पोटातून काढून नव्हे. आणि ज्याच्याकडे वाडा आहे त्यानं गड्याच्या इमानावर आपला सातबारा राखावा, हे तर त्याहून चूक. यात माझा राग तसूभर कमी झालेला नाही. पण ज्या पडवीत बसून त्यानं मुलाचं खोटं ऐकलं आणि ते आपल्या अंगावर घेतलं, ते आठवलं की माझी मान खाली जाते. खोताशी राखलेलं इमान सगळ्या गावानं पाहिलं, त्याला नावं ठेवली. हे दुसरं इमान कुणी पाहिलंच नाही.

गेल्या शिमग्याला माझा मुलगा गावी आला होता. पालखी वाड्यापुढं थांबली. वाडा आता पडलाय, नुसतं जोतं उरलंय, पण पालखी थांबते. मुलगा म्हणाला, "बाबा, ह्यांनीच ना आपल्या पणजोबांना फसवलं?"

चुलता माझ्याकडे बघत होता. ढोल वाजत होते. मी मुलाच्या कानाशी वाकून म्हटलं, "नाही. घरी चल, तुला एक कागद दाखवतो."